बुडालेल्या कंपनीचा फोन

१

“मेलेल्या माणसाचा फोन आला तर लोक भूत म्हणतात. मेलेल्या कंपनीचा आला तर काय म्हणायचं गं?”

आयडा पोस्टलथवेटने ओली टोपी हिल्डाच्या टेबलावर ठेवली आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढली. वय एक्याऐंशी, पण जिभेचं वय झालेलं नव्हतं.

हिल्डा ब्रेथवेटने पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढून निवृत्त झाल्यावर ती उत्तर इंग्लंडमधल्या होल्मगिल गावच्या सल्ला केंद्रात बिनपगारी बसायची. गेले दोन आठवडे तिथे दुसरा विषय नव्हता. गावातल्या निम्म्या घरांना वीज विकणारी टार्नबेक एनर्जी आठ नोव्हेंबरला बुडाली होती. वीज काही गेली नव्हती. ती तारांतून येतच होती, फक्त बिल करणारा धनी बदलणार होता. सरकारने दुसरी कंपनी नेमली होती, लोकांचे जमा पैसेही तिच्याकडे जाणार होते, आणि तिची पत्रं एकेका घराला हळूहळू यायची होती. तोवर धीर धरायचा, एवढंच.

पण धीर धरा हे सांगताना हिल्डाची नजर खाली जायची. दोन वर्षांपूर्वी वाचनालयातल्या सभेत ‘टार्नबेक स्वस्त आहे, सगळे तिकडे चला’ असं उभं राहून सांगणारी तीच होती. आता कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं आणि तेच तिला जास्त लागत होतं. म्हणून कंपनी बुडाल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी तिने घाईघाईने एक पत्रक लिहिलं, एकशेचाळीस प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वतः दारोदार टाकल्या. मोठ्या अक्षरांत तीनच ओळी: मीटरचा आकडा लिहून ठेवा. बँकेतून जाणारा हप्ता बंद करू नका. नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत कशालाही हात लावू नका.

“कुठल्या कंपनीचा फोन?” तिने विचारलं.

“टार्नबेकचा! गेल्या नाही, त्याच्या आधीच्या शुक्रवारी. आवाज घोगरा, तोंडावर मफलर धरल्यासारखा. बाई की बाप्या, कळेना. माझं नाव माहीत, मीटरचा नंबर माहीत. सप्टेंबरात माझा महिन्याचा हप्ता साठ पौंडांचा पंच्याण्णव झाला, तेही माहीत! मला म्हणे, आकडा वाचून दाखवा, आणि चष्मा लावून वाचा, मागच्या वेळी आठाला तीन म्हणाला होतात.”

“बँकेचा नंबर मागितला?”

“उलट. म्हणे कोणालाही देऊ नका, मीही मागितला तरी देऊ नका. आणि हीटर लावा म्हणे. मी दोन-तीन दिवस ब्लँकेट गुंडाळून बसले होते ना. म्हणे, आत्ता उठा नि लावा, फोन चालू राहू दे. मी लावला तेव्हाच ठेवला बघ.”

आयडाचा काटकसरी स्वभाव गावाला ठाऊक होता. हिल्डाने ब्लँकेटची गोष्ट लिहूनही घेतली नाही.

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“बोलण्यासारखं काय होतं? गोड बोलला तो आवाज.” आयडाने पहिल्यांदाच मान खाली घातली. “पण ऑस्विन टायसनचं ऐकलं नि राहवलं नाही. त्यालाही तोच फोन आला म्हणतात, गेल्या गुरुवारी. बोलता बोलताच तो पडला. मी आधी सांगितलं असतं तर...”

२

दुपारी कॉन्स्टेबल लोथर आली. तिशीची, सडपातळ पोरगी. तिच्या मागोमाग टायसनची मुलगी ग्लेनिस. ती कार्लाइलहून गाडी हाकत आली होती आणि कोट न काढताच उभी राहिली.

ऑस्विन टायसन रेल्वेत सिग्नलमन होता. बायको गेल्यापासून एकटा राहायचा. हिल्डा त्याला ओळखत होती. वाचनालयात यायचा तर उघडण्याच्या वेळेआधी दोन मिनिटं दारात उभा.

“घर बर्फासारखं गार,” लोथर सांगू लागली. “मेन स्विच बंद. हीटर, दिवे, शेगडी, सगळं बंद. तो स्वयंपाकघरात पडलेला, अजून दवाखान्यात बेशुद्धच आहे. त्याच्या घरच्या फोनवर शेवटचा फोन चौकातल्या टेलिफोन बूथमधून आलेला, दोन एकतीसला. दोन सदतीसला त्याच बूथमधून अँब्युलन्सला फोन गेलाय. नाव सांगितलेलं नाही.”

“म्हणजे फोन करणाऱ्यानेच मदत बोलावली?”

“घाबरवलं, म्हातारा पडला, मग स्वतः घाबरला. वीज वापरली तर चोरी धरू, असं काहीतरी सांगून त्याला सगळं बंद करायला लावलं असणार. पहिलाच फोन होता कशावरून? आधीही येत असतील. आधी घाबरवायचं, मग पैसे काढायचे, ही यांची रीतच आहे.”

“ज्या कोणी हे केलं ना,” ग्लेनिस म्हणाली, “त्याला मी सोडणार नाही. बाबा जगू देत नाहीतर न जगू देत.” तिने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर आपटला. “हे त्यांचे विजेचे कागद. नव्या कंपनीचं पत्र शनिवारी आलं, त्यांना सुरुवातीचा आकडा हवाय. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बघा.”

हिल्डाने डबा टेबलाखाली सरकवला. आकड्याला घाई नव्हती. आधी तो आवाज.

केंद्रात येऊन गेलेल्या सगळ्यांना तिने फोन लावले. संध्याकाळपर्यंत सात नावं झाली: पोस्टलथवेट, रेल्फ, राउटलेज, स्यूएल, टायसन, विल्किन, यीट्स. सातही जणांना तोच घोगरा आवाज आणि तेच बोलणं. एकाचाही पैसा गेलेला नव्हता.

लोथरला वाटत होतं की एकट्या म्हाताऱ्यांची यादी चोरीला गेली असावी. पण राउटलेज शाळेत फुटबॉल शिकवणारा धडधाकट गडी होता. सातांत सारखं एकच होतं, सप्टेंबरात प्रत्येकाचा हप्ता वाढवून घेतला होता. तरी कोडं सुटेना, कारण तशीच वाढ झालेल्या दुसऱ्या चौघांना फोनच आला नव्हता.

हप्त्यांची माहिती असणारी टार्नबेकची तीनच माणसं गावात उरली होती. लेनर्ड बेल, रॉनी मोसप आणि टॅमसिन रिग. बेलचं बिऱ्हाड चौकात. मोसप दिवसभर चौकातल्या शर्यतींच्या सट्ट्याच्या दुकानात. टॅमसिन आता चौकातल्याच बेकरीत. टेलिफोन बूथ तिघांनाही हाताच्या अंतरावर होता.

३

दुसऱ्या दिवशी बेलने दार साखळी लावूनच उघडलं. हिशेबाचा माणूस, पन्नाशी उलटलेला, दाढी वाढलेली.

“मला काही विचारू नका, हिल्डा. मी त्या कंपनीचं नावही काढत नाही.”

“सप्टेंबरात हप्ते का वाढवले, एवढंच सांग.”

फटीतून त्याचा एकच डोळा दिसत होता. “पैसे संपले होते म्हणून. मी वहीत बघत होतो ना. ऑगस्टातच कळलं होतं, दिवाळखोरी ठरलेली आहे. वरून हुकूम आला, लोकांना फोन करा, हिवाळा कडक आहे सांगा, हप्ता वाढवून घ्या. त्यावर दोन महिने ढकलू. मलासुद्धा फोनवर बसवलं. आणि मी बसलो. म्हणून मी बाजारात जात नाही. बास?”

“टायसनला तू फोन केलास?”

“मी कोणालाही तोंड दाखवत नाही, फोन कुठला करतोय! मोसपला विचारा. लोकांना घाबरवायची कला त्याची.”

मोसप दुकानात स्टुलावर बसून घोड्यांची नावं वाचत होता. पूर्वी टॅमसिनचा आणि बेलचा साहेब. हिल्डाला बघून त्याने हात पसरले.

“या, या! सल्ला द्यायला आलात की घ्यायला? तिसऱ्या शर्यतीत करड्या घोडीवर लावा.”

“रॉनी, टायसन मरणाच्या दारात आहे.”

त्याचं हसू गेलं. “ऐकलं. पण माझ्यावर नका येऊ. मला फोन करून काय मिळणार? माझा स्वतःचा तीन महिन्यांचा पगार बुडालाय.”

“सप्टेंबरात टायसनला फोन कोणी केला होता?”

“आता कसं आठवणार? हजारांवर फोन केले आम्ही.”

“वाटून घेतले असतील ना. वाटणी कशी केलीत?”

“तुमच्या शाळेसारखीच. हजेरीपट धरून, आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून. ए ते जी बेलकडे, एच ते ओ माझ्याकडे. पी पासून शेवटपर्यंत ती पोरगी.” तो पुन्हा कागदाकडे वळला. “तिच्याइतके हप्ते कोणीच वाढवले नाहीत. आवाज गोड ना!”

हिल्डाने खिशातला कागद काढला. पोस्टलथवेट, रेल्फ, राउटलेज, स्यूएल, टायसन, विल्किन, यीट्स. इतकी वर्षं हजेरीपट लिहिलेल्या बाईला हे आधीच दिसायला हवं होतं. पी च्या अलीकडचं एकही नाव त्यात नव्हतं, आणि फोन न आलेले चौघं सगळे पी च्या अलीकडचे होते. आणि आयडाने मागच्या वेळी आठाला तीन म्हटलेलं कोणाच्या लक्षात राहणार? ज्याने ते कानाने ऐकलं त्याच्याच.

४

टॅमसिन रिग बेकरीच्या मागच्या खोलीत पावाचे साचे पुसत होती. चोवीस वर्षांची. हिल्डाला ती शाळेत असल्यापासून माहीत होती. आजारी असली तरी शाळा न चुकवणारी मुलगी.

“तुला माहीत आहे मी का आलेय,” हिल्डा म्हणाली.

टॅमसिनने साचा खाली ठेवला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

“मला वाटलं पोलीस येतील. तुम्ही आलात, ते जास्त वाईट.” ती पिठाच्या पोत्यावर बसली. “सप्टेंबरात मी त्यांना हसत हसत फोन केले. ‘आयडा, कशी आहे मांजर?’ असं विचारून पस्तीस पौंड वाढवले. कंपनी बुडणार हे लेनर्डने आम्हाला सांगितलं होतं. मला माहीत होतं, हिल्डा. तरी केलं. आठवड्याला सर्वांत जास्त वाढवेल त्याला बक्षीस होतं. मी दोनदा घेतलं.”

“मग हे फोन?”

“कंपनी बंद झाली आणि मला झोप येईना. लोक घाबरून काहीतरी उलटसुलट करतील, बँकेचे नंबर कोणालाही देतील. माझी वही होती माझ्याकडे, माझी माणसं मला पाठ होती. म्हटलं, निदान माझ्या वाट्याच्यांना सांगावं. स्वतःच्या नावाने करायची हिंमत नव्हती. लाज वाटत होती. म्हणून बूथ, मफलर. बेकरीतून दुपारची सुट्टी मिळाली की दोन-तीन फोन.”

“टायसनला आधी किती वेळा केलास?”

“एकदाही नाही! वहीत त्यांचं नाव नजरेतून सुटलं होतं, ते सगळ्यांत शेवटी राहिले. गुरुवारी पहिला. फोन उचलला तेव्हाच त्यांची जीभ जड होती, दारू प्यायल्यासारखी. मी आकडा विचारला, तर म्हणाले, ‘वही हलत नाही.’ मला काही कळेना. म्हटलं, हीटर लावा, मिस्टर टायसन. तर म्हणाले, ‘आदेश नाही.’ मग धपकन आवाज आला. मी अँब्युलन्सला फोन केला आणि पळून आले. त्यांच्या घरी जायला हवं होतं. पंधरा मिनिटांवर घर आहे. मी पावांच्या मागे लपून बसले.”

बाहेर दुकानाच्या दाराची घंटी वाजली. काचेपलीकडे कॉन्स्टेबल लोथर उभी होती. चौकातल्या कोणीतरी टॅमसिनला बूथमधून निघताना पाहिलं होतं.

“आधी मी त्यांना फोन केलेच नव्हते हे कोण मानणार?” टॅमसिन पुटपुटली. “जानेवारीत नर्सिंगला जायचंय मला. हिल्डा, तुम्ही तरी मानता ना?”

हिल्डा दाराकडे वळली. तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. आदेश. म्हाताऱ्याला आदेश कोणी दिला होता?

५

बिस्किटांचा डबा हिल्डाने दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. वर टार्नबेकची बिलं, तारखेवार, दोऱ्याने बांधलेली. त्याखाली निळी वही. टायसन रोज सकाळी आठ वाजता मीटर वाचायचा. गाड्यांची नोंद करावी तशी तारीख, वेळ, आकडा, सही.

सहा नोव्हेंबर, ४८१७६. सात, ४८१९१. आठ, ४८२०२. नऊ, ४८२१३.

दहा नोव्हेंबर, ४८२१३. अकरा, ४८२१३. बारा, ४८२१३.

अठरा तारखेपर्यंत, रोज आठ वाजता, रोज सहीसकट, ४८२१३. शेवटच्या सह्या वाकड्यातिकड्या होत गेलेल्या. अठराची तर नुसती रेघ.

वही हलत नाही, म्हणजे हे.

हिल्डाने बोटांवर दिवस मोजले. टायसनने मेन स्विच नऊ तारखेला सकाळी आठनंतर बंद केला. सातांनी सांगितलेल्या तारखांत टॅमसिनचा सगळ्यांत पहिला फोन बारा तारखेचा, आयडाला. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. म्हातारा तिच्या फोनने गारठला नव्हता. उलट नऊ दिवस गारठलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणी हीटर लावा म्हणालं असेल तर ते तिनेच.

मग नऊ तारखेला काय झालं? कोण आलं होतं त्याच्याकडे?

वहीच्या मधे एक कागद चौपदरी घडी करून ठेवलेला होता. घडी उलगडायच्या आधीच तिला आपली मोठी अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटलेली दिसली.

पहिल्या ओळीपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण. दुसरीपुढेही. तिसरी ओळ पट्टी लावून अधोरेखित केलेली. ‘नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत कशालाही हात लावू नका.’ शेजारी बारीक अक्षरात: ‘९ नोव्हें., ८.१०. लेखी आदेश मिळाला. मेन बंद केला. पत्राची वाट पाहणे.’

हप्त्याला हात लावू नका, खातं दुसरीकडे हलवू नका, असं तिला म्हणायचं होतं. शाळेच्या सूचना ती अशाच लिहायची, आखूड आणि ठणठणीत. पालक काय ते समजून घ्यायचे. आणि आयडा? ती तीन दिवस ब्लँकेटमध्ये काटकसरीपायी बसली नव्हती.

हा कागद तिच्याशिवाय कोणी पाहिला नव्हता. ग्लेनिसने डबा उघडलाही नव्हता. वही लोथरला दिली की टॅमसिन सुटत होती. कागदाची त्यासाठी गरजच नव्हती. हिल्डाने तो घडी करून पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि ती केंद्राच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. दुपारपर्यंत ती तशीच होती. तीन माणसं आली, तिघांना तिने नीट सल्ला दिला. प्रत्येकाला शेवटी विचारलं, “घरात हीटर चालू आहे ना?” तिघंही तिच्याकडे विचित्र नजरेने बघून गेले.

बारा वाजता तिने कुलूप लावलं आणि दवाखान्याची बस धरली.

६

टायसन शुद्धीवर आला होता. नळ्यांमध्ये गुंतलेला, कागदासारखा पांढरा. पलंगाशी ग्लेनिस. दाराशी लोथर आपली नोंदवही उघडून उभी.

त्याने हिल्डाला ओळखलं. “मिसेस ब्रेथवेट,” तो हळूच म्हणाला. “पत्र आलं का?”

“आलं, मिस्टर टायसन. शनिवारी.”

“मग आता लावायला हरकत नाही.”

“कधीच हरकत नव्हती.” हिल्डाने पलंगाचा गज धरला. “मी चुकीचं लिहिलं. तुम्ही बरोबर वाचलंत, मी चुकीचं लिहिलं.”

त्याने डोळे मिटले. ऐकलं की नाही, कळलं नाही.

बाहेर येऊन तिने तो कागद ग्लेनिसच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. टॅमसिनचं, वहीचं, पत्रकाचं आणि अर्धा दिवस पर्समध्ये लपवलं त्याचंही. लोथरने टायसनची निळी वही वाचली, कागद वाचला आणि फोनवर ठाण्याला कळवलं की त्या मुलीला घरी सोडा.

ग्लेनिसने कागद दोनदा वाचला.

“मी दर रविवारी फोन करते त्यांना,” ती शेवटी म्हणाली. “चौदाला केला नाही. पाहुणे होते. केला असता तर एका वाक्यात कळलं असतं मला.” तिने नाक पुसलं. “मला ती फोनवाली हवी होती, हिल्डा. दुसरी कोणीतरी हवी होती.”

“माझ्यावर तक्रार करा. मी सही देते.”

“करणार आहे. माफबिफ केलं असं समजू नका.”

“नाही समजत.”

ग्लेनिसने कागद परत करताना विचारलं, “असे किती वाटलेत?”

“एकशेचाळीस.”

हे बोलतानाच हिल्डाचा चेहरा उतरला. एकशेचाळीस घरं. टॅमसिनने फोन करून हीटर लावायला सांगितलं ते फक्त पी पासून पुढच्यांना. केंद्रात जे आले ते चालते-फिरते, त्यांना तोंडी कळलं. ए ते ओ मधली, घराबाहेर न पडणारी माणसं? त्यांच्या हातात तिच्या त्या तीन ओळींशिवाय काहीच नव्हतं. पत्रक टाकून दोन आठवडे उलटून गेले होते.

“गाडी खाली आहे,” ग्लेनिस म्हणाली.

टॅमसिनला त्यांनी ठाण्याच्या पायरीवरूनच उचललं. मागच्या सीटवर बसून ती पाठ असलेल्या याद्या आठवू लागली. बेलचीही थोडी, मोसपचीही थोडी. कोण एकटं राहतं, कोणाला चालवत नाही. पहिली चार घरं उबदार निघाली. पाचवं दार समुद्राकडच्या टोकाला, बेसी इव्हिन्सनचं. वय अठ्ठ्याऐंशी. तिघींपैकी कोणीच तिला महिनाभर पाहिलेलं नव्हतं.

दार उघडायला फार वेळ लागला. बेसीने घरातच लांब कोट घातला होता, डोक्यावर लोकरी टोपी, हातांत मोजे. तिच्या मागे बोळ काळोखाने भरलेला. खोलवर कुठेतरी कोळशाच्या शेगडीत दोन निखारे दिसत होते.

“अगं बाई, हिल्डा!” ती खुश होऊन म्हणाली. बोलताना तोंडातून वाफ येत होती. “ये ना आत. चहा मात्र देता यायचा नाही हं. अजून पत्र आलेलं नाही.”

हिल्डा तिच्या शेजारून आत गेली. भिंत चाचपत जिन्याखालचं कपाट शोधलं आणि मेन स्विच वर केला. बोळात दिवा लागला. मागे टॅमसिन बेसीचे मोजे काढून तिचे हात चोळत होती. ग्लेनिस उंबऱ्यावर उभी राहून यादीतलं सहावं नाव मोठ्याने वाचत होती.